काचेवरची नावं

दिग्रसला आर्णी नाक्यावर माझं रेडियमचं दुकान.
आठ बाय दहा. एक प्लॉटर, एक हेअर ड्रायर, ब्लेडची पाकिटं,
आणि एक लोखंडी कपाट, ज्याचं दार लागत नाही.
नवरा पुण्यात कंपनीची बस चालवतो.

यंदा बाजार थंड आहे.
कापडवाला म्हणतो, भांडेवाली म्हणते,
सराफाकडचा पंखासुद्धा एक नंबरवर फिरतो.
तरी आठवड्याला तीन-चार नव्या गाड्या
माझ्या दारात येऊन उभ्या राहतात,
सीटवरचं प्लास्टिक तसंच,
टायरच्या खाचेत चिरडलेल्या लिंबाची बी.
"ताई, मोठ्या अक्षरात टाका."
मी टाकते. आईचं नाव, पोरीचं नाव, कुलदेवतेचं.
एकाने म्हशीचं नाव लिहून घेतलं,
पहिला हप्ता तिच्याच दुधावर गेला म्हणे.

काढायलाही माझ्याकडेच येतात.
त्याचे मी जास्त घेते.
चिकटवायला पाच मिनिटं लागतात, सोडवायला तास.
आत्राम सर परवा आले, गाडी शोरूमवाल्यालाच परत विकली होती.
चौदा महिन्यांपूर्वी मीच लावलं होतं: हिरई.
सर काचेकडे पाठ करून स्टुलावर बसले
आणि शाळेला अनुदान कसं येणारच आहे ते सांगत राहिले.
वेलांटी अख्खी निघाली, न फाटता.
"ती द्या इकडे," म्हणाले,
आणि शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी ठेवली.

मग निरंजन ढोके. मंडप-डेकोरेशनवाले.
पांढरी, लांबलचक गाडी, आरशात मला माझाच फाटका पदर दिसला.
"ताई, गाडी माही नोय. नागपूरच्या कंपनीची हाय, लीजवर.
पयले एकोणीस हजार महिना होता, मंग बावीस केला,
आता साडेसव्वीस."
मी म्हटलं, मंग वापस देऊन टाका.
ते हसले. हसताना त्यांनी बोनेटवरची धूळ बाहीनं पुसली.
"अन् लग्नाचा सौदा कोन देईन मले?
मोटरसायकलवर गेलो तं पान्यालेही इचारत नाही.
म्हनते, याच्याजवळच पैसा नाही, हा काय मांडव टाकीन.
गाडीतून उतरलो का खुर्ची पुसून देते, अॅडव्हान्सही देते.
लोकाइचे हात आखडले तवापासूनच
गाडी जास्त लागून रायली."

करारात कलम होतं, काचेवर काही चिकटवायचं नाही.
त्यांना आईचं नाव हवं होतं.
आम्ही दोघंही काही वेळ त्या काचेकडे बघत उभे राहिलो.
मग मला चुंबकाची शीट आठवली.
डिकीच्या पत्र्यावर बसेल, खरवडायला नको:
'वच्छलाबाईची कृपा', अठरा इंच, पिवळ्यात.
गावात शिरताना लावायचं.
नागपूरचा माणूस तपासायला आला
की सीटखाली ठेवायचं.
"लय बेस," ते म्हणाले,
आणि माय सीटखाली राहील याचं त्यांना क्षणभर वाईट वाटलं.
पाचशेचे साडेचारशे दिले.

आता चुंबकाच्या सात ऑर्डरी आहेत.
कोचिंग क्लासवाला, बोअरवेलवाला, एक नवा वकील,
एक जण नुसता सोयरिकीसाठी, तीन रविवारांपुरती गाडी घेतलेला.
त्याने विचारलं, नंतर चुंबक परत घेता का?
कापून झालेली नावं मी कपाटावर लावून ठेवते.
रात्री नाक्यावर ट्रक वळला
की बल्ब नसतानाही ती सगळी एकदम पेटतात,
लोकांच्या आया, लोकांचे देव, लोकांची पोरं,
आणि ट्रक गेला की नुसतं कपाट.

नवऱ्याचा फोन येतो. म्हणतो,
आपणही घ्यावी का एखादी, लीजवर? दुकानाला बरं दिसेल.
भाडं किती सांगितलं, मी विचारते.
तो सांगतो.
मी गप्प राहते, तर तो घाईने म्हणतो,
"पुढच्या महिन्यात वाढणार हाय, आत्ताच घेतली तं बरं."
पलीकडे त्याच्या बसचं दार उघडतं, मिटतं.

मी प्लॉटर बंद करते.
मग आठवतं, वकिलाचं अर्धंच कापलंय,
आणि पुन्हा लावते.